ब्रास बँडसाठी लिहायचं म्हणजे काय? एरिक बॉल यांच्या निमित्ताने

सप्टेंबर १९५०. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेतल्या किंग्ज हॉलमध्ये एकच रचना पुन्हा पुन्हा वाजते आहे. एक बँड मंचावर येतो, वाजवतो, उतरतो. मागोमाग दुसरा येतो आणि तीच रचना वाजवतो, मग तिसरा. परीक्षक कुणालाच दिसत नाहीत. ते चारी बाजूंनी झाकलेल्या खोपटात बसलेले असतात, कारण समोर कोणता बँड आहे हे त्यांना कळता कामा नये. वाजवण्याचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरलेला. निकाल लागायचा तो फक्त कानांवर.

त्या वर्षी सगळ्यांनी वाजवलेल्या रचनेचं नाव होतं 'रिसर्गम'. लॅटिन शब्द आहे, अर्थ 'मी पुन्हा उठेन'. रचनाकार एरिक बॉल, वय सेहेचाळीस. सहाच वर्षांपूर्वी त्यांनी आपलं सगळं आयुष्य ज्या संस्थेत गेलं ती सोडली होती, आणि त्या संस्थेसाठी लिहिलेलं आपलं संगीतही तिथेच ठेवून ते बाहेर पडले होते. ते का, हे समजायला ब्रास बँड ही चीज आधी नीट समजून घ्यायला हवी. आपल्या मनात तिचं जे चित्र असतं ते थोडं वेगळं आहे.

आपला बँड म्हणजे वरातीतला किंवा गणपतीच्या मिरवणुकीतला. त्यात क्लॅरिनेट असते, सॅक्सोफोन असतो, ट्रंपेट असतो आणि सगळ्यांवर ताशा-ढोलांचा ठेका असतो. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, ट्रंपेटसुद्धा नाही. एक सोप्रानो कॉर्नेट (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच, पण आटोपशीर पितळी वाद्य), नऊ साधे कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि तळाला चार बास. बेरीज पंचवीस. सोबत दोन-चार तालवाद्यं. पण मोठ्या स्पर्धांमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनाही मज्जाव होता. म्हणजे 'रिसर्गम' त्या दिवशी ढोलाच्या एकाही ठोक्याशिवाय वाजली. लय धरायची ती वाजवणाऱ्याच्या जिभेने आणि बासच्या दमाने.

हाच जमाव का, याला कारण आहे. ट्रॉम्बोन सोडले तर यातल्या बहुतेक वाद्यांची नळी शंकूसारखी हळूहळू रुंदावत जाते. अशा नळीतून येणारा आवाज गोल, मऊ असतो. ट्रंपेटची नळी बरंच अंतर एकसारख्या रुंदीची जाते म्हणून त्याचा आवाज टोकदार निघतो. शंकूच्या वाद्यांची मोट बांधली की आवाज एकमेकांत मुरतात. डोळे मिटून ऐकलं तर फ्लूगलहॉर्न कुठे संपला आणि टेनर हॉर्न कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. याचं बरंच श्रेय अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराला जातं. सॅक्सोफोन त्याचाच, पण त्याशिवाय त्याने पॅरिसमध्ये सॅक्सहॉर्न नावाचं एक अख्खं कुटुंब घडवलं होतं, लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घाटाचं. १८४०च्या दशकात ही वाद्यं ब्रिटनमध्ये आली आणि तिथल्या बँडांनी ती उचलली.

आता थोडं वाद्याच्या पोटात शिरू. कॉर्नेटला तीन बटणं असतात. एकही बटण न दाबता, फक्त ओठांचा ताण बदलून, त्यातून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग असे मोजकेच सूर निघतात. मधले सूर हवेत तर नळी लांब करावी लागते, आणि बटण तेच करतं: हवेला एक जादा वळसा घालायला लावतं. मधलं बटण दाबलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. या तिघांच्या जोडण्यांमधून सगळं सप्तक भरतं. युफोनियमलाही हीच तीन बटणं (चांगल्या वाद्याला चौथंही असतं), आणि माणसाच्या मांडीवर न मावणाऱ्या बासलाही हाच हिशोब.

यापुढची गोष्ट मला पहिल्यांदा छापायची चूक वाटली होती. बासचा कागद हातात आला आणि त्यावर कॉर्नेटच्या कागदासारखीच, उंच सुरांसाठी वापरतात तीच खूण होती. एवढं खर्जातलं वाद्य, आणि लिहिलंय जणू पोरगी गाणार आहे! नंतर उलगडलं, आणि उलगडलं ते पेटीमुळे. गाणारा काळी एकला गातो, गाणारी काळी पाचला. पेटीवाला सा हलवतो, पण त्याच्या डोक्यात सा हा सा-च असतो. ब्रास बँडमध्ये ही सोय कागदावरच करून ठेवली आहे. कॉर्नेटचा मोकळा सूर, म्हणजे बटण न दाबता निघणारा, काळी पाचचा. टेनर हॉर्नचा काळी दोनचा. मोठ्या बासचा पुन्हा काळी पाच, पण कितीतरी खालच्या सप्तकातला. कागदावर मात्र सगळ्यांना तो एकाच जागी लिहून दिलेला असतो. म्हणून आज कॉर्नेट वाजवणारा पोरगा उद्या बासवर बसला तरी त्याला नवी अक्षरं शिकावी लागत नाहीत; बोटं तीच, फक्त ओठ आणि छाती नव्याने तयार करायची. फक्त बास ट्रॉम्बोन या पंगतीत बसत नाही, त्याची लिपी वेगळी.

ही सोय ज्यांच्यासाठी झाली ते लोक शाळेत संगीत शिकलेले नव्हते. उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार होते ते. यॉर्कशायरमधल्या क्वीन्सबरी गावात ब्लॅक डाइक ही लोकरीची गिरणी होती. १८५५मध्ये गिरणीमालक जॉन फॉस्टर यांच्या कंपनीने गावातल्या बँडला आसरा दिला आणि त्या बँडला गिरणीचं नाव मिळालं. तो आजही जगातल्या अव्वल बँडांमध्ये आहे. बेल व्ह्यूची स्पर्धा त्याहून दोन वर्षं जुनी. १८५३ची पहिली स्पर्धा मॉसली टेम्परन्स सॅक्सहॉर्न बँडने जिंकली. नावातच दोन गोष्टी आल्या: साक्सची वाद्यं आणि दारूबंदी. दिवसभर मागावर उभं राहायचं आणि संध्याकाळी तालमीला जायचं, हे वाचताना मला गिरणगावातल्या भजनी मंडळांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. चाळीतल्या त्या मंडळांसारखेच इथलेही वादक हौशी. पोटापाण्याला नोकरी, आणि बँड जिवासाठी.

या स्पर्धांमध्ये वाजायचं काय? सुरुवातीची पन्नास-साठ वर्षं मुख्यतः ऑपेरांतल्या निवडक तुकड्यांच्या माळा. लोकांना रॉसिनी, वेर्दी ऐकायला मिळायचे ते असे, चौकातल्या बँडकडून. बँडसाठी म्हणून मुद्दाम रचलेली मोठी रचना राष्ट्रीय स्पर्धेत (ही बेल व्ह्यूहून वेगळी) आली ती १९१३ला, पर्सी फ्लेचर यांची 'लेबर अँड लव्ह'. मग १९२८ला गुस्ताव होल्स्ट, १९३०ला एडवर्ड एल्गार, १९३२ला जॉन आयर्लंड अशी बडी मंडळी बँडसाठी लिहू लागली. इथे एक मजेशीर वस्तुस्थिती आहे. एल्गार म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधले सर्वांत मोठे रचनाकार, वाद्यवृंद त्यांच्या हातचा मळ. तरी त्यांच्या 'सेव्हर्न सूट'ची बँडसाठी मांडणी करायला हेन्री गील या बँडातल्या जाणकाराचा हात लागला. बँडचं लिहिणं ही वेगळी विद्या आहे, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

एरिक बॉल ही विद्या जिथे शिकले ती जागा मात्र या सगळ्या स्पर्धांच्या पलीकडची होती.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०३चा, ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचा. आई-वडील साल्व्हेशन आर्मीचे. मराठीत आपण हिला मुक्तिफौज म्हणतो. नगरकरांना, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या लोकांना, बूथ हॉस्पिटल ठाऊक असतं, ते हिचंच. विल्यम बूथ यांनी लंडनच्या गरीब वस्तीत १८६५मध्ये सुरू केलेल्या या कामाने १८७८मध्ये लष्करी थाट घेतला: गणवेश, हुद्दे, झेंडा. त्याच वर्षी सॉल्झबरी गावात चार्ल्स फ्राय नावाचा एक बांधकामवाला आपल्या तीन मुलांना घेऊन त्यांच्या मदतीला आला. रस्त्यावर प्रवचन करणाऱ्यांवर लोक वस्तू फेकायचे, हुर्यो उडवायचे. फ्राय बापलेकांनी वाद्यं आणली ती संरक्षणाला आणि गर्दी जमवायला. चौघांचा तो ताफा म्हणजे मुक्तिफौजेचा पहिला बँड. चाली कुठल्या, तर लोकांच्या तोंडी असलेल्या, गुत्त्यातल्या आणि नाचघरातल्यासुद्धा, वर शब्द देवाचे. सिनेमाच्या चालीवर आरती म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

चारच वर्षांत ही फौज मुंबईत उतरली. १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर आणि त्यांचे तीन सहकारी बंदरावर आले. टकर हे आधी इथल्याच सनदी सेवेतले अधिकारी. नोकरी सोडून आले होते, अंगावर देशी कपडे, आणि नाव घेतलं फकीर सिंग. रस्त्यावरून वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून मुंबईच्या पोलिसांनी त्यांना पकडलं आणि टकर तुरुंगातही जाऊन आले. वाजवणं ही मुक्तिफौजेसाठी शोभेची बाब नव्हती, हे त्या अटकांवरून कळतं. ते तिच्या कामाचं हत्यार होतं.

आणि हत्यार म्हटलं की ते कुणाच्या हातात द्यायचं याचे नियम आले. फौजेच्या बँडांनी फक्त फौजेचं छापील संगीत वाजवायचं. वादक फौजेचाच हवा. पैसे घ्यायचे नाहीत, स्पर्धेत उतरायचं नाही. आणि फौजेचं संगीत बाहेरच्या बँडला विकायचं नाही. वाद्यंसुद्धा फौज स्वतः बनवायची, सेंट ऑल्बन्सला तिचा कारखाना होता. त्यामुळे एकाच देशात, एकाच तऱ्हेची वाद्यं वाजवणाऱ्या बँडांचे दोन संसार शेजारी शेजारी वाढले आणि मधे भिंत. एकीकडे गिरण्यांचे बँड: स्पर्धा, बक्षिसं, बोटांची करामत. दुसरीकडे मुक्तिफौजेचे: रस्ता, प्रार्थनासभा, भजन.

एरिक बॉल या दुसऱ्या घरात वाढले, तिथेच अधिकारी झाले, तिथल्याच संगीत-संपादन विभागात काम करू लागले. हा विभाग म्हणजे मोठी शाळा होती. मुक्तिफौजेचे बँड देशोदेशी पसरलेले, त्यातले कितीतरी आठ-दहा माणसांचे. कुठे ट्रॉम्बोन नाही, कुठे सोप्रानो कॉर्नेट आजारी. त्यांच्यासाठी लिहायचं तर गैरहजर माणसाची सोय आधीच करून ठेवावी लागते. एखादी महत्त्वाची ओळ हॉर्नकडे दिली असेल तर तीच ओळ कॉर्नेटच्या कागदावर बारीक अक्षरात छापायची: हॉर्न आला नसेल तर तू वाजव. पंचवीस जणांत भरलेलं वाटावं आणि दहा जणांत उघडं पडू नये, असं संगीत लिहिणं किती कठीण आहे हे लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिथे ते दुसरीही एक गोष्ट शिकले, आणि माझ्या मते बॉल यांचं सगळं मोठेपण तिच्यात आहे. बासरीवर कुणी ओळखीचा अभंग वाजवला की आपल्याला शब्द ऐकू येतात. कुणी म्हणत नसतं, तरी. वाजवणारा कुठे थांबला, कुठल्या अक्षरावर रेंगाळला हे आपण शब्दांनी मोजतो. मुक्तिफौजेचं सगळं बँडसंगीत या एका भरवशावर उभं होतं. ऐकणाऱ्याला स्तोत्र पाठ आहे, तेव्हा बँडने चाल छेडली की अर्थ आपोआप येणार. रचनाकार मग त्या अर्थाशी खेळू शकतो: चाल अर्धवट सोडायची, अंधाऱ्या सुरावटीत गुंडाळायची, शेवटी पूर्ण उजेडात आणायची. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बॉल यांनी लिहिलेली 'द ट्रायम्फ ऑफ पीस' ही रचना याच वळणाची, महायुद्धाच्या तोंडावर शांतीच्या विजयाबद्दल बोलणारी.

१९४२मध्ये ते इंटरनॅशनल स्टाफ बँडचे बँडमास्टर झाले. मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांचा हा बँड १८९१पासूनचा, मुक्तिफौजेच्या संगीतात याहून वरची जागा नाही. मुख्यालयाची इमारत आदल्याच वर्षी बाँबहल्ल्यात जळून गेली होती. आणि दोन वर्षांत, १९४४ला, श्रद्धेविषयीच्या मतभेदांवरून त्यांनी पद आणि फौज दोन्ही सोडली.

चाळिशीचा माणूस, घर, नोकरी, ओळख सगळं एका संस्थेशी बांधलेलं. बाहेर पडताना स्वतःचं संगीतही नेता येत नाही, कारण नियमाप्रमाणे ते बाहेर वाजणारच नाही. त्यांच्या हातात उरलं ते फक्त लिहिण्याचं वळण.

गिरण्यांच्या बँडांनी त्यांना हात दिला. यॉर्कशायरच्या ब्रिगहाउस अँड रॅस्ट्रिक बँडला घेऊन त्यांनी १९४६ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आल्बर्ट हॉलमध्ये. मँचेस्टरच्या सहकारी संस्थेचा सी.डब्ल्यू.एस. बँड, बेअरिंग बनवणाऱ्या कारखान्याचा रॅन्सम अँड मार्ल्स बँड, अशा अनेकांना त्यांनी शिकवलं. पुढे 'द ब्रिटिश बँड्समन' या १८८७पासूनच्या पत्राचं संपादन त्यांनी कित्येक वर्षं केलं. परीक्षक म्हणून त्या झाकलेल्या खोपटातही बसले. बँडच्या जगात वाजवून घेणारा, लिहिणारा, तपासणारा आणि त्यावर बोलणारा असा एकच माणूस सहसा नसतो.

आता मांडणीकडे येऊ, कारण ते फक्त रचनाकार नव्हते, उत्तम मांडणीकारही होते. दुसऱ्याने वाद्यवृंदासाठी लिहिलेलं बँडसाठी पुन्हा बसवणं, या कामाला इंग्रजीत अरेंजिंग म्हणतात. वरवर पाहता भाषांतराचं काम. व्हायोलिनची ओळ कॉर्नेटला द्या, चेलोची युफोनियमला, झालं. प्रत्यक्षात असं केलं की दोन मिनिटांत बँड कोसळतो.

एल्गार यांची 'एनिग्मा व्हेरिएशन्स' घ्या, १८९९ची, एका मूळ चालीवरचे चौदा फेरफार. बॉल यांनी ती ब्रास बँडसाठी मांडली. तिच्यातला 'निमरॉड' हा नववा भाग लोकांना सर्वांत ओळखीचा. तो सुरू होतो अगदी हळू, फक्त तंतुवाद्यांवर, आणि एकाच लांब श्वासासारखा वाढत जातो. तंतुवाद्याला मात्र श्वास नसतो! गज परतवला की सूर चालू. कॉर्नेटवाल्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि तो घेतला की त्या लांब ओळीला भोक पडतं. मग मांडणी करणाऱ्याला चोरून श्वास वाटून द्यावे लागतात. एकाच ओळीवर तीन-चार जण बसवायचे आणि कुणी कुठे श्वास घ्यायचा हे असं ठरवायचं की दोघे एका वेळी कधीच थांबणार नाहीत. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते. वारीत टाळकरी अधूनमधून पाणी प्यायला थांबतो तरी गजर थांबत नाही, तसं.

दुसरी अडचण ओठांची. व्हायोलिनवाला अर्धा तास वाजवू शकतो. पितळी वाद्यवाल्याचा ओठ हा स्नायू आहे, तो दमतो, सुजतो, आणि दमलेला ओठ सर्वांत आधी हळू आणि उंच सुरांवर दगा देतो. म्हणून चांगला मांडणीकार प्रत्येकाच्या कागदावर विश्रांतीच्या जागा शोधत असतो, आणि अवघड एकल वादनाआधी तर ती हमखास ठेवतो. तिसरी अडचण रंगाची. वाद्यवृंदात बासरी, ओबो, क्लॅरिनेट असे रंग तयार मिळतात. इथे सगळंच पितळ. मग फ्लूगलहॉर्नचा घोगरा मऊपणा एकीकडे, मुखाशी टोपण लावलेल्या कॉर्नेटचा पातळ, दूरून आल्यासारखा आवाज दुसरीकडे, युफोनियमचा पुरुषी गळा, ट्रॉम्बोनची सरळ झळाळी: एवढ्यातूनच सगळी चित्रं काढायची. काळी शाई पाण्याने कमी-जास्त पातळ करून छाया-प्रकाश दाखवणाऱ्या चित्रकारासारखं हे काम आहे.

बॉल यांची मांडणी ऐकताना मला सर्वांत आवडतं ते तळातल्या लोकांना मिळणारं काम. बँडमध्ये नऊ कॉर्नेट असले तरी प्रकाश असतो तो पुढच्या एक-दोघांवर. शेवटचे दोघे 'थर्ड कॉर्नेट'. बहुतेकदा ते नवशिके असतात किंवा वय झालेले, आणि लिहिणारे त्यांना एकाच सुरावर ठक-ठक करायला बसवतात. बॉल यांच्या कागदावर या थर्ड कॉर्नेटलाही कुठेतरी दोन-चार मात्रा अशा असतात की त्याने वाजवलं नाही तर सुरांचा संगम अपुरा वाटेल. आठवड्याला दोन संध्याकाळी कामावरून थकून तालमीला येणाऱ्या माणसाला यायला कारण लागतं. लहान बँडांत, अधुऱ्या ताफ्यांत उमेदवारी केलेल्या माणसालाच ते कळतं.

आता पुन्हा 'रिसर्गम'कडे जाऊ. लंडनकरांना हा शब्द नवा नव्हता. १६६६च्या मोठ्या आगीनंतर नव्याने बांधलेल्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या दक्षिण दर्शनी भागावर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी कोरला आहे आणि खाली हाच शब्द. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूचं सगळं जळत असताना ती इमारत उभी राहिली, आणि तिच्यापासून चालत काही मिनिटांवर असलेलं मुक्तिफौजेचं मुख्यालय मात्र जळालं.

स्पर्धेसाठीची रचना कशी असावी याची ठरीव कल्पना होती. प्रत्येक वाद्याची परीक्षा झाली पाहिजे: कॉर्नेटला उंच सूर, युफोनियमला एकल वादन, बासला चपळाई, ट्रॉम्बोनला तिघांचा तुकडा. परीक्षकाला गुण कापायला जागा हव्यात. बॉल यांनी हे सगळं दिलं, पण ते मृत्यू, झगडा आणि विश्वास या एका गोष्टीच्या पोटात घालून. इथे कुठलंही स्तोत्र पाठ असण्याचा भरवसा नव्हता. बेल व्ह्यूचा श्रोता काही प्रार्थनासभेला आलेला नव्हता. तरी रचना स्तोत्र असल्यासारखी बोलते. शब्द नसलेल्या सुरावटीला शब्दांचं वजन येतं, वाक्य संपल्यासारखी ती थांबते, प्रश्न विचारल्यासारखी वर जाऊन अडते. भिंतीच्या पलीकडून निघताना त्यांना कागद आणता आले नव्हते, पण ही बोली त्यांच्यासोबत आली होती, आणि स्पर्धेच्या मंचावर ती अशी पहिल्यांदाच ऐकू आली असावी असं मला वाटतं.

म्हणून ही रचना वाजवायला दिसते त्याहून अवघड आहे. सूर एवढे कठीण नाहीत. आजचे बँड याच्या दुप्पट करामतीच्या रचना वाजवतात. अवघड आहे ते शांत भागांत न घाबरता हळू वाजवणं. पितळी वाद्यावर मोठ्याने वाजवणं सोपं, हळू वाजवताना सूर फुटण्याची भीती असते आणि ती भीती श्वासात उतरते. खोपटातल्या परीक्षकाला न बघताही ते कळतं.

पुढची पंचवीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीला त्यांचं नाव येत राहिलं. १९५६ला 'फेस्टिव्हल म्युझिक', १९६७ला 'जर्नी इन्टू फ्रीडम', जी वाजवून ब्लॅक डाइक जिंकला, १९६९ला 'हाय पीक'. त्याच वर्षी त्यांना ओ.बी.ई. हा ब्रिटिश राजसन्मान मिळाला. १९७६ला 'द वेफेअरर', म्हणजे वाटसरू. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. मधल्या काळात मुक्तिफौजेशी दुरावाही मिटला आणि त्यांनी तिच्यासाठी पुन्हा लिहिलं. 'द किंग्डम ट्रायम्फंट' ही त्यातली मोठी रचना, ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या दोन जुन्या स्तोत्रांवर बांधलेली. ज्या घरातून निघून गेलो त्याच घरासाठी पुन्हा, त्याच बोलीत लिहिणं किती लोकांना जमतं?

१ ऑक्टोबर १९८९ रोजी, शहाऐंशी वर्षं पूर्ण व्हायला एक महिना असताना, ते गेले. मधली भिंत तेव्हाही कागदोपत्री उभी होती. ती पडली १९९२मध्ये, मुक्तिफौजेने आपलं संगीत सगळ्यांना विकायला काढलं तेव्हा. आता ब्लॅक डाइकसारखा बँड एकाच मैफलीत 'द किंग्डम ट्रायम्फंट' आणि 'रिसर्गम' दोन्ही वाजवू शकतो, आणि ऐकणाऱ्याला समजतं की दोन्हींचा हात एकच आहे.

ऐकायला सुरुवात करायची तर मी आधी 'द किंग्डम ट्रायम्फंट' सुचवेन. तिच्यातली स्तोत्रं आपल्याला पाठ नसतात, तरी चाल कुठे सुरू झाली हे लगेच उमगतं. मग 'रिसर्गम'. फोनच्या स्पीकरवर नको. त्यावर बास ऐकूच येत नाही आणि बास गेला तर अर्धी रचना गेली. हेडफोन लावा, पहिल्यांदा सगळं ऐका. दुसऱ्यांदा वरच्या कॉर्नेटकडे लक्ष न देता फक्त तळाशी चाललेले चार बास ऐका, आणि ते श्वास कुठे घेतात ते सापडतं का बघा.